वाचक विचारतात : शेल्टरमधली छोटी मिक्स कुत्री घरी आणताना

गेल्या महिन्यात कुत्रं अ‍ॅडॉप्ट करण्यावर दोन ओळी लिहिल्या आणि एवढी पत्रं आली की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्यच नाही, म्हणून चार निवडलीत. आणि चारही छोट्या मिक्स कुत्र्यांबद्दलची आहेत, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तेच हवं असतं.

प्रश्न : ताई, आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलीला कुत्रं हवंय म्हणून एका शेल्टरला दोनदा जाऊन आलो. तिथे एक तीन वर्षांची छोटी कुत्री आहे, लांब अंग, आखूड पाय, पॉमसारखी झुपकेदार शेपूट. ते म्हणाले पॉम आणि डॅशहंड मिक्स असेल. बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती आणि ही मागच्या कोपऱ्यात गप्प बसून होती. मला तीच आवडली. नवरा म्हणतो पिल्लूच आणू, विकत आणू, निदान जात तरी कळेल. सासूबाईंना देवघराची काळजी आणि सोसायटीत बोर्ड आहे की पाळीव प्राण्यांना मनाई. काय करू?

उत्तर : आधी त्या मागच्या कोपऱ्याबद्दल बोलते, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय आणि नवऱ्याची शंकाही खरं तर तिथलीच आहे. पिंजऱ्यात गप्प बसलेली कुत्री शांत स्वभावाची असते असं नाही, घाबरलेलीही असू शकते, दमलेली असू शकते, आजारीही असू शकते. आणि जाळीवर उड्या मारणारं कुत्रं घरी आल्यावर दिवसभर सोफ्याखाली लोळत पडतं, हेही मी बघितलंय. चाळीस कुत्री एकदम भुंकत असतात तिथे कुठल्याच कुत्र्याचा खरा स्वभाव दिसत नाही हो. म्हणून तिसऱ्यांदा जा, पण वेगळ्या वेळी जा, जेवण झाल्यावर दुपारी वगैरे, आणि तिला पिंजऱ्याबाहेर, शक्य असेल तर थोडं लांब मोकळ्या जागेत काढायला सांगा. अर्धा तास नुसतं बसा. मुलीला सांगा की जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचं, डोळ्यात डोळे घालायचे नाहीत, डोक्यावरून हात न्यायचा नाही, ती वास घ्यायला आली तर घेऊ द्यायचा. पाच मिनिटांत आली तर उत्तम, पंचवीस मिनिटांनी आली तरी उत्तम, अजिबात आली नाही तर अजून एकदा जा, त्या एका दिवसावरून नाही म्हणू नका.

आणि ऑफिसमध्ये बसणाऱ्यांपेक्षा रोज पिंजरा धुणाऱ्या दादांना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. जेवताना ताटलीजवळ हात नेला तर काय करते, पायाला हात लावू देते का, हेल्मेट घातलेला माणूस आला तर काय, लहान मुलं आली तर काय, दुसऱ्या कुत्र्यांशी कशी आहे. कुठून आली, रस्त्यावरून की कुणी घरातून आणून सोडली, हे तर विचाराच. घरातून सोडलेल्या कुत्र्याला जिना, लिफ्ट, मिक्सरचा आवाज हे सगळं माहीत असतं, रस्त्यावरच्याला पहिल्यांदा शिकावं लागतं.

आता जातीचं. आपण ज्याला पॉम म्हणतो ते बहुतेक वेळा पॉमेरेनियन नसतंच, ते असतं इंडियन स्पिट्झ. पुण्या-नाशकात एके काळी एक इमारत सोडून एक इमारतीत ही पांढरी कुत्री असायची, त्यामुळे आज शेल्टरमध्ये झुपकेदार शेपूट दिसली की पॉम मिक्स असं लिहून मोकळे होतात. डोळ्यांनी लावलेला जातीचा अंदाज डीएनए टेस्टशी बऱ्याचदा जुळत नाही हे तपासून झालेलं आहे, तेव्हा फॉर्मवर काय लिहिलंय याला फार महत्त्व देऊ नका. पण आखूड पाय आणि लांब अंग हे मात्र डोळ्यांना दिसतंय आणि त्याला महत्त्व द्या. २००९ साली शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की डॅशहंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड अशा आखूड पायांच्या कुत्र्यांमध्ये वाढीच्या एका जीनची एक जास्तीची कॉपी असते आणि तिच्यामुळे पाय आखूड राहतात. पुढे तसल्याच आणखी एका कॉपीचा संबंध मणक्यांमधल्या चकत्यांशी लागला, त्या लहान वयातच कडक होतात आणि सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. मिक्स कुत्र्यातही हे येऊ शकतं. म्हणजे तुमच्या घरी काय करायचं, तर सोफ्यावरून आणि पलंगावरून उडी मारू द्यायची नाही, एक छोटी पायरी किंवा जाड गादी ठेवायची, चार मजले रोज जिने उतरवायचे नाहीत, उचलताना एक हात छातीखाली आणि एक मागच्या बाजूला ढुंगणाखाली, मुलीलाही हे आधीच शिकवा, काखेत धरून लोंबकळत उचलायचं नाही म्हणजे नाही. आणि वजन वाढू द्यायचं नाही. चालताना मागचे पाय लडखडले, पाठीला हात लावल्यावर केकाटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, उद्या बघू नाही.

पिल्लू विकत आणण्याबद्दल नवऱ्याशी शांतपणे बोला. २०१७ च्या नियमांप्रमाणे ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात फोनवर फोटो पाठवून पाच आठवड्यांचं पिल्लू टोपलीत आणून देणारे लोक भरपूर आहेत, आईपासून लवकर तोडलेलं, व्हॅक्सिन न झालेलं, आणि मग आठवड्याभरात पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार. मी असं पिल्लू मांडीवर मरताना पाहिलंय, शेजारच्यांचं होतं, त्यांच्या मुलाला आजही ते नाव घेतलेलं सहन होत नाही. तीन वर्षांच्या कुत्रीचा फायदा हा की तिची साइज ठरलेली आहे, दात येऊन गेलेत, रात्री दर दोन तासांनी शू नाही, आणि ती कशी आहे हे काही प्रमाणात तरी आत्ताच कळतं. पिल्लाबद्दल कुणीच काही सांगू शकत नाही. मिक्स कुत्री आजारीच पडत नाहीत असंही कुणी सांगेल, ते तेवढं खरं नाही. काही आनुवंशिक आजारांची शक्यता कमी होते एवढंच.

घेताना कागद बघा. रेबीजच्या लसीची तारीख, सेव्हन इन वन किंवा नाइन इन वनची, म्हणजे बऱ्याच आजारांवरच्या एकत्र लसीची तारीख, कार्डवर स्टिकर आणि डॉक्टरांची सही. नसबंदी झालीय का, रस्त्यावरून आलेल्या आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला छोटा काप असतो, तो बघून घाबरू नका, ती जखम नाही, खूण आहे. आणि घरी नेण्याआधी एक रक्ताची टेस्ट करून घ्या, गोचीड तापासाठी, प्लेटलेट्स किती आहेत ते कळतं. शेल्टरवाले घर बघायला येतील, शंभर प्रश्न विचारतील, खिडकीला ग्रिल आहे का बघतील. बऱ्याच जणांना याचा राग येतो, आम्ही काय चोर आहोत का म्हणून. राग मानू नका, परत आलेली कुत्री त्यांनी बघितलेली असतात.

सोसायटीचा बोर्ड. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६२ साली सुरू झालं, नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या प्रमुख होत्या, तर या मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की सोसायटीला बहुमताने ठराव करूनसुद्धा कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. त्याची प्रिंट काढून ठेवा. पण आधी प्रिंट नेऊ नका, आधी चेअरमनच्या घरी जा, चहा प्या, सांगा की कुत्री छोटी आहे, लसी झाल्यात, नसबंदी झालीय, महापालिकेचं लायसन्स काढणार, पट्ट्याशिवाय खाली आणणार नाही, शी उचलणार. आणि खरंच उचला हो, रोज, पावसातसुद्धा. कायदा तुमच्या बाजूने आहे पण जिन्यात भेटणारी माणसं रोजची आहेत.

सासूबाईंचं मात्र मनापासून ऐकून घ्या. घर त्यांचंही आहे आणि कुत्र्याचा बराचसा दिवस त्यांच्याबरोबरच जाणार आहे, तुम्ही दोघं लोकलमध्ये असाल. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाजवळ कुत्रा असतो, नामदेव महाराज कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, हे सगळं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते त्यांना ऐकवू नका, वाद घालण्यासाठी तर नाहीच. त्यांना विचारा की कुठे यायला नको. देवघर आणि स्वयंपाकघर म्हणाल्या तर तिथे बाळांसाठी मिळतं तसलं छोटं गेट लावा, आखूड पायांची आहे, सहज थांबेल. केस गळतील, स्पिट्झचं रक्त असेल तर भरपूर गळतील, हे आधीच सांगून टाका आणि केर कोण काढणार तेही ठरवा, नाहीतर तो त्यांच्याच गळ्यात पडेल. आणि तिसऱ्या खेपेला त्यांना शेल्टरला घेऊन जा. त्या नाही म्हणाल्या तर या वर्षी थांबा. कुत्री नकोशी असलेल्या घरात येण्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली बरी.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय. नऊ दिवसांपूर्वी आम्ही शेल्टरमधून दोन वर्षांचा छोटा मिक्स कुत्रा आणला, पांढरा-तपकिरी, सात किलोचा. तो पलंगाखालून बाहेरच येत नाही. दूध-पोळी दिली तर बघत नाही, रात्री आम्ही झोपल्यावर थोडं खातो. परवा मिस्टरांनी त्याला ओढून बाहेर काढायचा प्रयत्न केला तर गुरगुरला, दात दाखवले. मिस्टर म्हणतायत परत देऊन येऊ, हा आपल्याला जुळणार नाही. मला रडू येतंय. आमचंच काही चुकलं का?

उत्तर : रडू नका, आणि परत देऊ नका, निदान आत्ता तरी. मला या अंकात एकच गोष्ट सांगायला जागा दिली असती तर हीच सांगितली असती, की पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं कुत्रं ते कुत्रं नसतंच. कुत्र्यांच्या लोकांमध्ये तीन-तीन-तीन म्हणतात, तीन दिवस भांबावलेलं, तीन आठवड्यांत घरचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. हा काही नियम नाही, कुणाला कमी लागतात कुणाला जास्त, पण नऊ दिवस म्हणजे काहीच नाही. त्याच्या बाजूने विचार करा ना, काल चाळीस कुत्र्यांचा गोंगाट, फिनेलचा वास, ठरलेली माणसं, आणि आज एकदम सामसूम घर, मध्येच कुकरची शिट्टी, टीव्ही, आणि अनोळखी मोठे हात पलंगाखाली येतायत. पलंगाखाली त्याला सुरक्षित वाटतंय. तेवढी एकच जागा त्याला सापडलीय.

आमची खारी, आता आठ वर्षांची आहे, ती आली तेव्हा अकरा दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. अकरा दिवस. मी मशीन लावलं नाही, कपडे हाताने धुतले, कारण मशीन सुरू झालं की ती थरथरायची. रात्री एक-दीडला उठून पाणी प्यायची, तिच्या नखांचा आवाज फरशीवर यायचा आणि मी अंथरुणात श्वास रोखून पडून राहायचे, हललं तर पळेल म्हणून. बाराव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत बसले होते आणि पायाला काहीतरी ओलं लागलं, तिचं नाक होतं. मी वळून बघितलं नाही, मेथी निवडत राहिले, डोळ्यातून पाणी येत होतं तरी. पहिल्यांदा भुंकली ती पाच आठवड्यांनी, तोवर आम्हाला वाटत होतं मुकी आहे.

गुरगुरणं हे वाईट नाही, हे मिस्टरांना नीट समजावा. गुरगुरणं म्हणजे तो सांगतोय की बास, मला भीती वाटते, पुढे येऊ नका. चावू शकत होता, चावला नाही, आधी सांगितलं. गुरगुरल्याबद्दल ओरडलात किंवा मारलंत तर तो सांगणं बंद करेल, आणि न सांगता चावणारं कुत्रं जास्त धोक्याचं. तेव्हा ओढून काढणं कायमचं बंद.

मग करायचं काय? मिस्टरांनीच त्याला जेवण द्यायचं, दोन वेळा, ठरलेल्या वेळेला, ताटली पलंगापासून हातभर अंतरावर ठेवायची आणि निघून जायचं. संध्याकाळी त्यांनी पलंगापासून थोडं लांब जमिनीवर पाठ करून बसायचं, पेपर वाचायचा, मोबाइल बघायचा, आणि मधून मधून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा न बघता मागे टाकायचा. बोलायचं नाही, बोलवायचं नाही. रोज पंधरा मिनिटं. चार दिवसांनी तुकडा थोडा अलीकडे टाकायचा. हे कंटाळवाणं आहे पण याच्यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही. आंघोळ घालू नका, वास येत असला तरी, नंतर घालू. पाहुणे नकोत, शेजारची मुलं बघायला नकोत, फोटो नकोत. शी-शूला जेव्हा केव्हा बाहेर येईल तेव्हा तीच वेळ तीच जागा ठेवा, घरात केली तर गप्प पुसून घ्या. आणि बाहेर नेताना हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, आणि गळ्यातला पट्टा दोन्ही, कारण घाबरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून डोकं काढतं आणि पळतं, पहिल्या महिन्यात हरवलेल्या कुत्र्यांचे मेसेज मला सारखे येतात. पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला आजच लावा. घराचं दार उघडण्याआधी तो कुठे आहे बघा.

दूध-पोळी बंद करा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री दूध-पोळीवर वाढली हे खरं, पण मोठ्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि नुसत्या पोळीत त्याला लागणारं प्रोटीन नाही. शेल्टरला फोन करून विचारा तिथे काय खात होता, तेच द्या, वासाने ओळख पटेल. बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू बदला. कांदा-लसणाचा रस्सा नाही, चॉकलेट नाही, द्राक्षं नाहीत आणि मनुका-बेदाणेही नाहीत, म्हणजे प्रसादाचा शिरासुद्धा नाही, त्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्यांच्या किडनीला त्रास होऊ शकतो. आणि ताप वाटला म्हणून आपली क्रोसिन अजिबात देऊ नका.

एक मात्र आत्ताच तपासा. न खाणं भीतीने असू शकतं तसं आजारानेही असू शकतं. दोन दिवस रात्रीसुद्धा काही खाल्लं नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, शू गडद रंगाची झाली, अंगावर गोचीड सापडली, तर डॉक्टरकडे न्या. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे तापच असं नाही, थर्मामीटरनेच बघावं लागतं. गोचीड ताप वेळेत सापडला तर गोळ्यांनी बरा होतो, पण कोर्स जवळपास महिन्याचा असतो आणि चार दिवसांनी खायला लागला म्हणून मध्येच सोडायचा नसतो.

आणि मिस्टरांना ओढाओढीत दात किंवा नख लागलं असेल, अगदी बारीक ओरखडा असला तरी, कुत्र्याची लस झालेली असली तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि डॉक्टरांना दाखवायची. हळद-चुना नाही. परवा झालं असेल आणि धुतलं नसेल तरी आज जा.

तीन महिने मनापासून करूनही खरंच जमलं नाही, घरात लहान मूल आहे आणि तो रक्त येईल असा चावतोय असं काही झालं, तर त्याच शेल्टरशी बोला, ट्रेनर बघा, दुसरं घर शोधा. ज्याने प्रयत्न केला त्याने परत दिलं तर मी त्याला नावं ठेवत नाही. पण कुठे लांब नेऊन सोडून देणं, ते मात्र १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि माझ्या मते त्याहून वाईट काही नाही. तुम्ही तसं करणार नाही हे तुमच्या पत्रावरून कळतंच.

प्रश्न : मी सातवीत आहे, छत्रपती संभाजीनगरला राहते. मला शेल्टरमधलं छोटं कुत्रं हवंय पण आई-बाबा नाही म्हणतात. त्यांना कसं पटवू?

उत्तर : पटवू नकोस, आधी दाखव. उद्यापासून एक महिना रोज सकाळी सहाला उठून अर्धा तास चालून ये आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा तास, परीक्षा असली तरी, थंडी असली तरी, आणि वहीत लिही. हे तुला जमलं की नाही ते तुझं तुलाच कळेल आणि आई-बाबांनाही दिसेल. सुट्टीत बाबांना घेऊन जवळच्या शेल्टरला जा, तिथे लहान मुलांना मोठ्यांबरोबर कुत्र्यांना फिरवायला, विंचरायला घेतात का विचार. त्यांचं नाही म्हणणं कशासाठी आहे तेही नीट विचारून घे. पैशासाठी असेल, आजी आजारी असेल, दिवसभर घरी कुणी नसेल, तर ती कारणं खरी असतात गं, आणि मग काही वर्षं थांबावं लागतं. तोवर शेल्टरमधल्या एखाद्या कुत्र्याशी दर रविवारी मैत्री कर, त्यालाही रविवारची वाट बघायला कुणीतरी हवंच असतं.

प्रश्न : मी ६८ वर्षांची निवृत्त शिक्षिका, संगमेश्वर तालुक्यात एकटी राहते. अंगण आहे, मागे आंब्या-काजूची झाडं. मुलगा मुंबईत असतो, तो म्हणतो तिथल्या शेल्टरमध्ये एक आठ वर्षांची छोटी मिक्स कुत्री आहे, कुणी घेत नाही, तुला आणून देऊ का. माझ्या वयात कुत्रं घ्यावं का? आणि तिचं नाव ट्विंकल आहे, ते माझ्या तोंडात बसत नाही, नाव बदललं तर चालेल का?

उत्तर : काकू, घ्या. तुमचं पत्र वाचून मला इतका आनंद झाला ना. आठ वर्षांची कुत्री शेल्टरमध्ये पडून राहते, लोक येतात, पिल्लांपाशी थांबतात आणि निघून जातात, आणि तुम्हाला अगदी तशीच कुत्री हवी. छोटी कुत्री बारा-पंधरा वर्षं सहज जगतात, म्हणजे तिच्याकडे अजून चांगली वर्षं आहेत, आणि तिला पिल्लासारखी धावपळ लागत नाही, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं हळूहळू चालणं आणि तुमच्या पायाशी झोपणं. पण मुलाशी एक बोलून घ्या आणि ते कागदावर लिहून ठेवा, तुम्हाला दवाखान्यात राहावं लागलं तर चार दिवस कुत्री कुणाकडे, आणि तुमच्या मागे ती राहिली तर कुणाकडे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण तिच्यासाठी ते आवश्यक आहे. तो हो म्हणाला तरच आणा.

अंगणाबद्दल मात्र ठाम सांगते. तुमच्या भागात बिबट्या येतो हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि बिबट्याला छोटं कुत्रं म्हणजे तोंडचा घास. अंधार पडायच्या आत ती घरात हवी, रात्री पडवीत बांधून ठेवणं नाही, पिंजरा असला तरी नाही, घरात, दार लावून. रात्री शूला न्यायची वेळ आली तर दिवे लावून, पट्ट्याला धरून, दारासमोरच. आठ वर्षांच्या कुत्रीचे दातही एकदा दाखवून घ्या, छोट्या कुत्र्यांच्या दातांवर कीटण फार लवकर चढतं आणि मग ती दुखतंय म्हणून खात नाहीत. पावसाळ्यात गोचीड तुमच्याकडे भयंकर, रोज रात्री कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघा. आणि उंदरांच्या लघवीतून लेप्टो होतो, तो माणसालाही होतो, तेव्हा तिच्या लसीत लेप्टो आहे का ते कार्डवर बघा, दरवर्षी घ्यावी लागते.

आणायचं कारनेच बघा. रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसीचं अख्खं कूपे किंवा केबिन बुक करावं लागतं, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत, आणि घाबरलेल्या म्हाताऱ्या कुत्रीला तिथे टाकू नका. निघण्याआधी तीन-चार तास खायला नाही, घाटात उलटी होते. मध्ये थांबलात तर गाडीचं दार उघडायच्या आधी पट्टा हातात आहे ना बघायचं, मुलाला हे दोनदा सांगा, हायवेवर सुटलेली कुत्री सापडत नाही.

नाव खुशाल बदला. सुरुवातीला दोन्ही नावं एकत्र घ्यायची, तुमचं नवीन आधी आणि लगेच जुनं, म्हणजे समजा चिऊ ठेवलंत तर चिऊ ट्विंकल असं, आणि प्रत्येक वेळी हातावर खाऊचा कण ठेवायचा. आठवड्याने ट्विंकल हळू आवाजात म्हणायचं, मग सोडून द्यायचं. एक दिवस तुम्ही मागच्या दारातून नुसतं चिऊ म्हणाल आणि ती कान टवकारून बघेल. कोणतं नाव ठेवलंत ते मात्र मला कळवा.